तीर्थरूप ८०५१ यांस

तीर्थरूप ८०५१ मायक्रोकंट्रोलर यांच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

आपला जन्म १९८० चा, इंटेलच्या घरचा. ४० पिना, ४ किलोबाइटची रॉम, १२८ बाइटची रॅम. जन्मदात्या कंपनीने २००७ मध्ये आपलं उत्पादन थांबवलं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने मात्र २०१९ च्या अभ्यासक्रमातही आपल्यासाठी मानाचा पाट मांडला. नाशिकची बरीच महाविद्यालयं याच विद्यापीठाला संलग्न, त्यामुळे गोदाकाठी आपली प्रकृती ठणठणीत आहे.

दोष आपला नाहीच. आपले वंशज आजही स्वस्त उपकरणांत इमानेइतबारे राबतात आणि पाया शिकायला आपण झकास. गडबड आहे ती आपल्या सरबराईत. प्रयोगशाळेत आपण पेटीबंद किटमध्ये विराजमान होता. तिथे एलईडी पहिल्याच फटक्यात लागतो, स्टेपर मोटर सांगितली तेवढीच फिरते आणि जर्नलमध्ये गेल्या वर्षीचं रीडिंग यंदाही तंतोतंत उतरतं. बिघडायची आपल्याला परवानगीच नाही!

कारखान्यात मात्र पगार मिळतो तो बिघाड शोधण्याचाच. नाशिकच्याच सातपूरला बॉश डिझेल इंजेक्टर बनवते. कॉमन रेल इंजेक्टरची मिलिसेकंदांतली उघडझाप ठरवणारं डोकं इलेक्ट्रॉनिक असतं. ओझरला एचएएलने सुखोई जोडली, आता तेजस. अशा ठिकाणी डेटाशीट वाचता यावी लागते आणि ऑसिलोस्कोप लावून सिग्नल नेमका कुठे बोंबलला ते सांगता यावं लागतं.

कारखानदारही काही साव नाहीत. व्यासपीठावर ‘तयार मुलं मिळत नाहीत’ म्हणून गळा काढायचा आणि मुलं इंडस्ट्रियल व्हिजिटला आली की शॉप फ्लोअरवरून रांगेत फिरवून, चहा-वडा देऊन गेटबाहेर काढायचं. इंटर्नशिपमध्ये सर्टिफिकेट हाती येतं; बिघडलेला बोर्ड येतोच असं नाही.

मुलांत खोट म्हणावी, तर २०१५ च्या सिंहस्थाचं उदाहरण आडवं येतं. मूळचे नाशिकचे, एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभमेळ्यातल्या अडचणींवर तोडगे शोधणारा ‘कुंभथॉन’ भरला. त्यातून नाशिकच्याच एका शाळकरी मुलाने सवंगड्यांसह पावलांच्या दाबावरून गर्दी मोजणारी ‘आशियोतो’ चटई तयार केली आणि ती कुंभात अंथरलीही गेली. समोर प्रश्न खरा होता, एवढंच.

नाशिकचं पुढचं शाही स्नान २०२७ ला आहे. त्याआधी आपण एक उपकार करावा: प्रॅक्टिकलच्या दिवशी किटमधली एखादी वायर तोडून स्वस्थ बसावं. परीक्षकांनीही जर्नल बाजूला ठेवून, ती वायर हुडकणाऱ्यालाच पूर्ण गुण द्यावेत.

कळावे, लोभ असावा.