रिंगो भारी की नुसताच नशीबवान? वादेच्छूंसाठी मार्गदर्शन

राजगडाला निघालेल्या मंडळींची गाडी चेलाडी फाट्यावरून नसरापूरकडे वळली की वादाला तोंड फुटतं आणि मार्गासनीला डावीकडे साखर-गुंजवण्याचा रस्ता धरेपर्यंत तो हातघाईवर येतो. बीटल्सचा रिंगो स्टार चांगला ड्रमर होता की नुसताच नशीबवान, हा त्यासाठी उत्तम विषय. जिंकायचं असेल तर पहिला नियम पाळावा: वादन ऐकू नये. ऐकलं की मत बदलण्याची भीती असते. त्यापेक्षा ‘रिंगो बीटल्समधलासुद्धा सगळ्यात चांगला ड्रमर नव्हता, असं खुद्द लेनन म्हणाला होता’ हे वाक्य पाठ करावं. लेनन तसं म्हणाल्याचा पुरावा नाही. 1983 मध्ये जॅस्पर कॅरट या ब्रिटिश विनोदवीराने ते टीव्हीवर ऐकवलं, तेव्हा लेननला जाऊन दोन वर्षं उलटली होती. 1980 च्या मुलाखतीत तर त्याने रिंगोची तारीफच केली होती. पण पुरावा मागणारा माणूस सहसा ट्रेकला येत नाही. आलाच तर पाण्याच्या सगळ्या बाटल्या त्याच्या पाठीवर द्याव्यात.

दुसरं हत्यार वेगाचं. जो जास्त वेगाने, जास्त वेळ आणि जास्त घाम गाळून बडवतो तो थोर, असं एकदा ठरवून टाकलं की रिंगो आपोआप बाद होतो. त्याला लांबलचक सोलोचा कंटाळा होता आणि बीटल्सच्या गाण्यांत त्याचा ड्रम सोलो एकच, 1969 च्या ‘द एंड’मधला. मात्र हे हत्यार मार्गासनीच्या टपरीवर चहा पिताना काढू नये. मावळपट्ट्यात ढोल-लेझीम मुरलेलं आहे. इथल्या माणसाला ठाऊक असतं की तडतडणाऱ्या ताशाकडे माना वळतात खऱ्या, पण ढोलाचा ठोका जरा सरकला की लेझमीची अख्खी रांग विस्कटते. ढोलवाल्याची परीक्षा त्याच्या हातांवर होत नाही, दुसऱ्यांच्या पायांवर होते. ही कसोटी रिंगोला लावली तर पंचाईत होते. बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांचा कागद न् कागद चाळलेल्या मार्क ल्युइसनच्या मते, आठेक वर्षांत रिंगोच्या चुकीने टेक मोडल्याचे प्रसंग डझनभरही नाहीत. तिघांचे पाय त्याने नीट जमिनीवर ठेवले होते, असाच याचा अर्थ. तेव्हा चहा लवकर संपवावा.

प्रतिपक्ष तयारीचा असेल तर तो 1962 काढेल. ‘लव्ह मी डू’च्या वेळी रिंगोला बाजूला करून अँडी व्हाइट या भाडोत्री वादकाला बसवलं होतं आणि रिंगोच्या हाती खंजिरी दिली होती, हे खरं आहे. मुद्दा बिनतोड वाटतो. पण त्याच गाण्याची दोन मुद्रणं बाजारात आली, एक रिंगोच्या ड्रमचं आणि एक व्हाइटच्या. दोन्ही लागोपाठ लावली तर बहुतेकांना फरक कळतो तो खंजिरीमुळे. ती वाजते ते व्हाइटचं. म्हणजे निकाल देणाऱ्यालाही रिंगोचीच खूण शोधावी लागते. आता कोणी म्हणेल, मग त्याचं असं वेगळं काय? वेगळं आहे ते डाव्या हाताचं. रिंगो डावखुरा, पण उजव्यांसाठी मांडलेल्या ड्रमसेटवर बसायचा. त्यामुळे एका ड्रमवरून दुसऱ्यावर जाताना त्याचा हात अपेक्षित जागी पडत नाही, किंचित अडखळल्यासारखा जातो, आणि त्याची नक्कल करायला बसलेले तिथेच फसतात. हा मुद्दा विरुद्ध बाजूने आला तर ‘हे फार तांत्रिक होतंय’ म्हणून उडवून लावावा.

शेवटची हरकत सभ्य माणसं घेतात: अहो, हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे. तसा तो नाही. ठोका धरून ठेवणं आणि गाण्याला लागेल तेवढंच वाजवणं या दोन्ही गोष्टी कानाला तपासता येतात, आणि त्यांवर रिंगो चांगला ड्रमर ठरतो. तपासायचंच असेल तर 1966 चं ‘रेन’ लावा; आपलं सगळ्यात चांगलं वादन म्हणून रिंगो स्वतः त्याचंच नाव घेतो. मात्र ते गड उतरल्यावर, परतीच्या वाटेवर लावा. जाताना लावलंत तर वादाला विषय उरणार नाही आणि गुंजवण्यापर्यंत राजकारणावर बोलावं लागेल.