क्लेम अंशतः मंजूर

(पात्रे : रसिक, विमा एजंट आणि एजंटची बायको, म्हणजे वहिनी. स्थळ : रसिकाच्या घरचा हॉल. 'डेड रेकनिंग' हा सिनेमा नुकताच बघून संपला आहे. वहिनींच्या मांडीवर नववीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, हातात लाल पेन.)

रसिक : बघितलात? दुय्यम. अगदी दुय्यम. १९४७ साली हॉलिवुडात अंधार इतका स्वस्त झाला होता, की जो तो किलोवर नेत होता.

एजंट : मला तर आवडला बुवा. खून आहे, मोटारीत जळालेला माणूस आहे, नाव बदलून फरार झालेला आरोपी आहे. यातला एक जरी क्लेम आला ना, तरी आमचं ऑफिस महिनाभर चहावर चहा पीत बसेल.

रसिक : आवडला तर मलाही. प्रश्न आवडण्याचा नाही, दर्जाचा आहे.

वहिनी : भावजी, आवडलाय तर चेहरा असा एरंडेल प्यायल्यासारखा का?

रसिक : कारण मागच्या रविवारी आपण 'डबल इन्डेम्निटी' बघितला. बिली वाइल्डरचा, १९४४ चा. त्याच्यावर हा म्हणजे...

एजंट : त्याचं नाव नका काढू साहेब! तो विम्याचा सेल्समन आपल्या प्रेयसीच्या नवऱ्याला सांगतो, मोटारीच्या विम्याच्या नूतनीकरणाची डुप्लिकेट प्रत आहे, करा सही. आणि निघते काय, तर पन्नास हजार डॉलरची अपघाताची पॉलिसी. रेल्वेत मेला तर रक्कम दुप्पट! तेव्हापासून आमच्या हिने घरातला एकही फॉर्म न वाचता सही केलेला नाही.

वहिनी : आधीही वाचूनच करायचे. आता मोठ्यांदा वाचते, एवढंच.

रसिक : आणि ते हवेतून आलेलं नाही. १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये रूथ स्नायडर नावाच्या बाईने प्रियकराच्या मदतीने नवऱ्याला मारलं. विमा असाच, दुहेरी भरपाईचं कलम असलेला. प्रियकर कॉर्सेट विकायचा. पुढच्या वर्षी दोघांनाही विजेच्या खुर्चीत बसवलं. त्यावरून जेम्स केनने कादंबरिका लिहिली आणि तिची पटकथा वाइल्डर आणि रेमंड चँडलरने केली. दोघांचं आपसात अजिबात पटत नव्हतं.

एजंट : आणि एवढं करून ऑस्कर किती?

रसिक : नामांकनं सात.

एजंट : मी बोनसचं विचारतोय, कोटेशनचं नाही.

रसिक : (खाली बघत) शून्य.

एजंट : म्हणजे परीक्षकांच्या हिशेबी तोही दुय्यमच.

रसिक : परीक्षकांचं सोडा हो! मुद्द्यावर या. या 'डेड रेकनिंग'मध्ये स्वतःचं असं काय आहे? दिग्दर्शक जॉन क्रॉमवेल, सभ्य गृहस्थ. हम्फ्री बोगार्ट वॉर्नर ब्रदर्सकडून कोलंबियाने उसना आणलेला. नायिका मुळात रिटा हेवर्थ व्हायची, ती तिकडे ऑर्सन वेल्सच्या सिनेमात अडकली, म्हणून लिझबेथ स्कॉट आली. तीही उसनी. दिसते लॉरेन बकॉलसारखी, बोलते लॉरेन बकॉलसारखी, फक्त लॉरेन बकॉल नाही.

वहिनी : आवाज मात्र तिचा स्वतःचा आहे हो. घसा बसल्यासारखा, पण बसलेला नाही. असा आवाज असता तर नववी क मला टरकून राहिली असती.

रसिक : आणि शेवट? बोगार्ट तिला सांगतो, माझं तुझ्यावर प्रेम आहे, पण मित्राच्या खुनाचा हिशेब मला चुकता करायलाच हवा. अहो, हेच त्याने १९४१ मध्ये 'द माल्टीज फाल्कन'मध्ये मेरी अ‍ॅस्टरला सांगितलंय! तिथे धंद्यातला भागीदार, इथे लष्करातला दोस्त. नाव बदललं, पत्ता बदलला, बाकी मजकूर तोच.

वहिनी : कॉपी म्हणताय का? कॉपीचं मला सांगू नका. उत्तर सारखं आलं म्हणून मी मार्क कापत नाही, गणितात उत्तर सारखंच येणार. मी मधल्या पायऱ्या बघते. ज्याने कॉपी केलीय, त्याच्या पायऱ्या मधेच उडी मारतात.

एजंट : उडीवरून आठवलं. दोन्ही सिनेमांत रेल्वेतून उडी आहे! तिकडे तो सेल्समन मेलेल्या नवऱ्याचं सोंग घेऊन, कुबड्या घेऊन, गाडीच्या मागच्या डब्यातून खाली उतरतो. इकडे बोगार्टचा तो दोस्त जॉनी, वॉशिंग्टनला शौर्यपदक घ्यायला निघालेला, आता वर्तमानपत्रात फोटो येणार म्हटल्यावर गाडीतून पळतो.

रसिक : हां, आता तुम्हीच सांगा, कुठली उडी वरचढ?

एजंट : पहिली. कारण त्या उडीवर कीज आहे. तो क्लेम मॅनेजर हो, एडवर्ड जी. रॉबिन्सन! त्याचा साहेब म्हणतो, आत्महत्या आहे. तर हा त्याला आत्महत्यांचे तक्ते धडाधड म्हणून दाखवतो. वर्णाप्रमाणे, धंद्याप्रमाणे, स्त्री-पुरुष, ऋतूप्रमाणे, विषाच्या प्रकाराप्रमाणे. आणि शेवटी म्हणतो, चालत्या गाडीच्या मागच्या टोकावरून उडी टाकून जीव दिल्याची एकसुद्धा केस यात नाही. साहेब, मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो! आमच्या धंद्यावर इतकं सुंदर भाषण कुठल्याही सेल्स कॉन्फरन्समध्ये ऐकलेलं नाही.

रसिक : ऐका! तिथे प्रत्येक गोष्ट दुसरीत अडकलेली आहे. इकडे बोगार्टला गुंगीचं औषध पाजतात, सकाळी उठतो तर शेजारच्या पलंगावर बारमनचा मृतदेह. का? तर कथा पुढे सरकत नव्हती म्हणून.

वहिनी : आणि तिकडे त्या सेल्समनच्या फ्लॅटचं दार बाहेर, पॅसेजमध्ये उघडतं. कीज बाहेर येतो, बाई त्या दारामागे लपते. इमारतीच्या पॅसेजमध्ये बाहेर उघडणारं दार! बिल्डरला जाब विचारायला हवा.

रसिक : वहिनी, ते... ते दृश्य श्वास रोखायला लावतं.

वहिनी : रोखला मी. दार तरीही उलटंच होतं.

एजंट : म्हणजे मोठ्याने केली तर कला आणि छोट्याने केली तर चूक. आमच्याकडेही असंच आहे. बड्या क्लायंटचा हप्ता थकला तर ग्रेस पीरियड, बाकीच्यांची पॉलिसी लॅप्स.

रसिक : (जरा चिडून) बरं, दार उलटं. नायिका झालेल्या स्टॅनविकचा सोनेरी विगही भयंकर. पण निवेदन बघा! सेल्समन झालेला मॅकमरे गोळी लागून रक्ताळलेला, रात्री ऑफिसात डिक्टाफोनवर बोलतोय. कोणाशी? कीजशी. ज्याला त्याने फसवलं आणि ज्याचा त्याला मनातून सगळ्यात जास्त धाक आहे, त्याच्याशी. इथे बोगार्ट चर्चमध्ये घुसतो आणि पाद्री दिसला म्हणून सगळं सांगत सुटतो.

एजंट : तो पाद्री बोगार्टसारखाच पॅराशूटवाला आहे पण. ओळखीचा नसला तरी खात्यातला.

रसिक : खात्यातला म्हणून काय? बोगार्टला कबूल काय करायचंय? काही नाही! त्याने काही केलेलंच नाही.

वहिनी : (पेन खाली ठेवत) आता पायरी सापडली.

रसिक : कुठली?

वहिनी : भावजी, तुम्ही तासभर सावल्या, उसने नट आणि उसने संवाद मोजताय. तो मॅकमरे पहिल्याच भेटीत तिच्या पायातल्या साखळीकडे बघतो आणि त्याला कळतं, आपण बुडणार. तरी जातो. त्याला पैसे हवेत, बाई हवी आणि शिवाय आपल्याच कंपनीला गंडवण्याची हौस आहे, इतकी वर्षं आतून बघितल्यावर. त्याला तिने नादी लावलं नाही, तो नादी लागायला तयार होऊनच आला होता. आणि हा बोगार्ट? सगळा सिनेमाभर हातात पट्टी घेऊन दुसऱ्यांच्या वह्या तपासतो. बाई खोटी, क्लबवाला खोटा, पोलिस बावळट. याची वही कोणी उघडायचीच नाही.

एजंट : अगं, पण त्याचं मन दुखावतं ना.

वहिनी : दुखावतं. आणि हॉटेलात जेवताना तो काय म्हणतो ते ऐकलंत? बायका चार इंच उंचीच्या असाव्यात. खिशात घालून न्याव्यात, जेवताना टेबलावर काढून कपबशांमधून फिरू द्याव्यात आणि पाहिजे तेव्हा मोठ्या कराव्यात.

एजंट : (हसून) ती गंमत होती.

वहिनी : होय? मग तुम्ही का नाही हसलात तेव्हा? माझ्याकडे बघत होतात.

एजंट : मी... पंख्याकडे बघत होतो.

रसिक : वहिनी, माझे तीन लेख तुम्ही एका वाक्यात संपवलेत.

वहिनी : तुमचे लेख छापून आलेत का?

रसिक : तो वेगळा विषय आहे.

एजंट : ते असू दे. माझा एक क्लेम अजून बाकी आहे. शेवट! तिने गोळी झाडली, गाडी आदळली, आता ती हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजतेय. डोक्याला पांढरं गुंडाळलेलं. घाबरलीय. आणि हाच बोगार्ट, जो तिला फासाकडे न्यायला निघाला होता, तो हळू आवाजात सांगतो, विमानातून उडी मारण्यासारखंच आहे, सोडून दे. आणि 'जेरोनिमो' म्हणतो, त्या छत्रीधारी सैनिकांची आरोळी, पण कुजबुजून. मग काळोखात एक पांढरी छत्री उघडते आणि खाली तरंगत जाते. साहेब, हे कुठून कॉपी केलं?

(रसिक गप्प.)

एजंट : सांगा ना. कुठल्या सिनेमातून?

रसिक : कुठूनच नाही. ते याचंच आहे.

वहिनी : आणि तेवढ्यापुरता तो परीक्षक राहिलेला नाही.

रसिक : पण शंभर मिनिटांत एक मिनिट!

एजंट : अपघाताचा क्लेम मिनिटाचाच असतो. तुमच्या वाइल्डरनेसुद्धा शेवटी काय केलं? गॅस चेंबरमध्ये फाशी... म्हणजे मृत्युदंडाचा अख्खा प्रसंग चित्रित केला होता, तुम्हीच सांगितलंत, आणि काढून टाकला. ठेवलं काय? मॅकमरे दाराशी कोसळलाय, त्याला काडी ओढवेना, तर कीज त्याची सिगरेट पेटवतो. सिनेमाभर उलटं चालू होतं, कीजची सिगार हा पेटवायचा. एका काडीवर सिनेमा संपवला!

रसिक : हेच तर! ती काडी पहिल्यापासून पेरत आणलीय. इथली छत्री शेवटी अचानक उघडते.

वहिनी : म्हणून तिकडे पैकीच्या पैकी. इकडे, शेवटचं गणित स्वतः सोडवलं म्हणून, शंभरात पंचावन्न. नापास करणार नाही.

एजंट : आमच्या भाषेत, क्लेम अंशतः मंजूर.

रसिक : पंचावन्न जास्त होतात.

वहिनी : तुम्ही रीचेकिंगचा अर्ज करा, फी भरा. आणि भावजी, एक सांगते, पुढच्या वेळी कोणाला हे दोन सिनेमे दाखवलेत तर आधी बोगार्टचा दाखवा आणि मग वाइल्डरचा. उलट्या क्रमाने दाखवलेत, तर या बिचाऱ्याला पंचावन्नसुद्धा कोणी द्यायचं नाही.