अवयव पाडा, कारणे द्या

मराठी शाळेत सहावी ते आठवीच्या मुलांकडून दिवसभरात काय काय करून घेतलं जातं, त्याची यादी एखाद्या परक्या माणसाच्या हाती लागली तर तो सरळ पोलिसांकडे जाईल. पहिल्या तासाला मुलं अवयव पाडतात. दुसऱ्या तासाला खोडाचा छेद घेतात. तिसऱ्याला विग्रह करतात, चौथ्याला जमिनीची धूप थांबवतात आणि डबा खाऊन झाल्यावर कारणे देतात.

मुलं मात्र शांत असतात. शब्द कळला नाही म्हणून अडून बसायचं नसतं, हे त्यांना पाचवी संपेपर्यंत उमजलेलं असतं. 'वाक्यात उपयोग करा' या प्रश्नावर त्यांच्याकडे एक रामबाण उत्तर आहे. शब्द क्षितिज असो, औदार्य असो की किंकर्तव्यमूढ, वाक्य तयार: 'बाईंनी फळ्यावर औदार्य हा शब्द लिहिला.' व्याकरण चोख, शुद्धलेखन चोख, उपयोगही झालेला. गुण कापायला कुठे जागाच नाही. इतकी वर्षं मराठी शिकवतेय, पण याहून हुशार वाक्य माझ्या वर्गात जन्माला आलेलं नाही. गंमत म्हणजे ते कोणी कोणाला शिकवत नाही. प्रत्येक तुकडी आपलं आपण शोधून काढते.

त्याला आपली शब्दार्थांची पद्धतच जबाबदार आहे. धड्याखाली डावीकडे अवघड शब्द आणि उजवीकडे त्याचा थोरला भाऊ. मुलं वहीत उतरवतात, पाठ करतात, चाचणीत लिहितात आणि घंटा झाली की विसरतात. पण मराठीत निदान यादी तरी असते. बाकीच्या विषयांत हे काम कोणाचं, ते ठरलेलंच नाही. विज्ञानाचे सर म्हणतात, "बाई, भाषा तुमची." मी म्हणते, "सर, संज्ञा तुमची." गणिताच्या बाई दोघांकडे बघतात आणि म्हणतात, "मला आकडेच पुरे झालेत."

माझं ज्ञान वाढलं ते ऑफ तासांवर. एखादे शिक्षक रजेवर गेले की त्यांच्या तासाला जो मोकळा सापडेल त्याला वर्गावर धाडतात, तो ऑफ तास. आमची शाळा समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. एकदा सहावीवर विज्ञानाचा ऑफ तास होता आणि पुस्तकात 'पृष्ठवंशीय प्राणी' वाट बघत होते. मी विचारलं, "पृष्ठ म्हणजे काय रे?"

"पान!" अख्खा वर्ग एका सुरात.

चुकलं काय त्यांचं? रोज आम्हीच तर सांगतो, पृष्ठ क्रमांक अमुक उघडा. मग वंश म्हणजे? तर "घराणं, बाई. यादव वंश." इतिहासाच्या सरांचं काम पक्कं होतं. तेव्हा पृष्ठवंशीय प्राणी म्हणजे पानांच्या घराण्यातले प्राणी. या हिशेबाने शेळीचा नंबर पहिला लागायला हवा. ती दोन्ही प्रकारची पानं खाते.

मग मी सांगितलं, की पृष्ठ म्हणजे पाठ आणि वंश म्हणजे बांबू. पाठीतला बांबू! वर्ग हसून लोळला आणि लगेच पुढच्या बाकावरच्याच्या पाठीत बांबू सापडतो का, याची तपासणी सुरू झाली. गोंधळातच मागून एकजण ओरडला, "बाई, म्हणजे सुरमईचा मधला काटा!" व्याख्या लिहून झाली असती तरी यापलीकडे काय लिहिलं असतं? सापावर मात्र भांडण पेटलं. तो असा सळसळत वळतो म्हणजे त्याला हाडंच नसणार, असं निम्म्या वर्गाचं ठाम मत. सापाच्या पाठीत मणके शेकड्यांनी असतात आणि म्हणूनच त्याला इतकं वळता येतं, हे त्यांनी जरा नाराजीनेच मान्य केलं. उलट खेकडा बाहेरून एवढा टणक, पण आत कणा नाही. शिंपल्यातल्या तिसऱ्याही बाद. गांडूळ तर विचारण्याआधीच बाद.

नंतर लक्षात आलं, की हेच पृष्ठ आठवीच्या गणितात 'पृष्ठफळ' म्हणून येतं, भूगोलात 'भूपृष्ठ' म्हणून आणि माझ्या तासाला 'मुखपृष्ठ' म्हणून. एकाच इमारतीत सगळे राहतात, पण ओळख करून द्यायला कोणाला वेळ नाही. 'अंश'ही तसाच: गणितात अपूर्णांकाच्या डोक्यावर बसतो, भूमितीत कोन मोजतो, विज्ञानात ताप. सेमी इंग्रजीच्या तुकडीत तर विज्ञानात 'व्हर्टिब्रेट' आणि भूगोलात 'भूपृष्ठ'. तिथे दोघांची गाठ पडण्याची सोयच उरलेली नाही.

शब्द पाठ करण्याऐवजी समजून घेण्याची एक रीत आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात डोरोथी फ्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये संकल्पना शिकवण्याचा एक साधा आराखडा मांडला. कागदाचे चार चौकोन करायचे. एकात व्याख्या, दुसऱ्यात लक्षणं, तिसऱ्यात उदाहरणं आणि चौथ्यात 'हे नव्हे' अशी उदाहरणं. मी तो वापरून पाहिला. पहिल्या दोन चौकोनांत मुलं पुस्तक उतरवतात. चौथ्यात मात्र जीव ओततात. 'हे नव्हे' म्हणायला मराठी माणूस कुठल्याही वयात एका पायावर तयार असतो.

शब्दांवरून आपण पेटून उठत नाही असंही नाही. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर वाद झाला, अगदी विधानसभेपर्यंत. जोडाक्षरांची संख्यानामं लहान मुलांना जड जातात, हे गणितज्ञ मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत होत्या. कोणाची बाजू बरोबर हा वाद बाजूला ठेवू, पण एका विषयाच्या तासाला मुलाच्या कानावर कोणता शब्द पडतो, याची चौकशी त्या वेळी घरोघरी झाली. सातवीत त्याहून जड शब्द गाडीभर येतात. तेव्हा चिडीचूप.

आणि खरा घात या जड शब्दांकडून होतच नाही. प्रकाशसंश्लेषण निदान ठळक अक्षरांत छापलेलं असतं. सर ते तीनदा म्हणून घेतात. कोणत्याच विषयाचे नसलेले जे शब्द सगळ्या विषयांत हिंडतात, ते भोवतात. घटक, परिणाम, तुलना, अन्यथा. ते ठळकही नसतात आणि शब्दार्थांतही नसतात. 'राम व शाम यांची वयं अनुक्रमे १२ व १५ वर्षे आहेत' या गणितात 'अनुक्रमे' हे शामचं आडनाव आहे, असं एका मुलाचं प्रामाणिक मत होतं. त्याला बेरीज उत्तम येत होती. पेपरावर मात्र शेरा पडला, 'गणित कच्चे'.

आता आमच्या शिक्षकखोलीच्या दारामागे एक पुठ्ठा टांगला आहे. येत्या आठवड्यात वर्गात येणारे दोन-दोन शब्द प्रत्येकाने तिथे लिहायचे आणि दुसऱ्याचा शब्द आपल्या तासाला आलाच, तर तिथे दोन मिनिटं थांबायचं. सुरुवातीला त्यावर माझेच शब्द होते. मग पीटीच्या सरांनी 'सावधान' आणि 'विश्राम' लिहिले आणि चेष्टेचेष्टेत बाकीचेही लिहायला लागले. गणिताच्या बाईंनी परवा 'अनुक्रमे' लिहिला, खाली दोन रेघा मारून.

तेव्हा शिक्षक मंडळींना विनंती: जूनमध्ये वेळापत्रक लावाल तेव्हा शेजारी एक पुठ्ठाही लावा. आणि पालकहो, पोराला गणितात कमी गुण पडले तर क्लास लावण्याआधी त्याला ते उदाहरण मोठ्याने वाचायला सांगा आणि कोणत्या शब्दावर अडखळतो ते बघा. फी वाचेल.