भाड्याचा महिना कुठला?

जूनच्या पाच तारखेला भाडेकरूनं वीस हजार रुपये पाठवले, तर ते लवकर आले की उशिरा? घरमालकाच्या हिशेबानं चार दिवस उशिरा, कारण जूनचं भाडं एक जूनलाच आगाऊ यायला हवं होतं. भाडेकरूच्या हिशेबानं पंचवीस दिवस लवकर, कारण ज्या जूनचे पैसे तो देतोय तो जून अजून राहून व्हायचा आहे. गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर आहे. गोकुळाष्टमी आपल्या पंचांगात श्रावणात येते आणि उत्तरेकडच्या पंचांगात भाद्रपदात, पण कृष्ण मात्र एकाच रात्री जन्मतो. पंचांगकर्त्यांनी यावरून एकमेकांना नोटिसा पाठवल्या नाहीत, पण त्यांचं एकमेकांकडे डिपॉझिटही अडकलेलं नव्हतं.

माझं म्हणणं असं की या भांडणातला खरा आरोपी खोलीत हजरच नसतो. तो असतो भाडेकरूच्या कंपनीच्या पगार विभागात. 1936 च्या वेतनविषयक कायद्यानं हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाला पगार द्यायला पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत सवड दिली, त्याहून मोठ्याला दहापर्यंत. 2019 च्या वेतन संहितेतही मासिक पगारासाठी सात तारीखच आहे. म्हणजे कारखान्याच्या मालकाला सातपर्यंत मुभा आणि घराच्या मालकाला मात्र एक तारखेला पैसे हवेत. या दोन मालकांच्या मधल्या आठवड्यात भाडेकरू ‘भाड्याचं तेवढं बघा’ या मेसेजकडे बघत बसतो. पूर्वी निदान ‘बँकेला सुट्टी होती’ असं सांगता यायचं. डिसेंबर 2019 पासून एनईएफटी चोवीस तास आणि बारा महिने सुरू झालं, यूपीआयला तर रविवार माहीतच नाही, त्यामुळे तोही आडोसा गेला. तेव्हा भाड्याची तारीख आठ असावी. सातला कंपनीची मुदत संपते, आठला भाडेकरूची संपावी.

यावर घरमालक म्हणेल, माझा गृहकर्जाचा हप्ता पाचला कापला जातो, त्याचं काय? आक्षेप खोटा नाही. निवृत्तीनंतर भाड्यावरच घर चालवणारे आजोबाही असतात, आणि त्यांच्या दूधवाल्यानं आठ तारखेपर्यंत का थांबावं? पण याच घरमालकाकडे दोन-तीन महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून पडून असतं, तेही बिनव्याजी. ज्याच्याजवळ साठ हजार आहेत त्यानं आठवडाभर कळ काढायची, की ज्याचे साठ हजार त्याच्याजवळ आहेत त्यानं? दुसरा आक्षेप मध्यमवर्गीय बाण्याचा: मागच्या पगारातून भाडं बाजूला काढून ठेवावं, म्हणजे प्रश्नच मिटला. मिटतो, अगदी कायमचा मिटतो. फक्त ते बाजूला काढायची वेळ नेमकी त्या महिन्यात येते, ज्यात डिपॉझिट, एजंटची दलाली, टेम्पोवाला आणि नव्या घरातला गीझर हे सगळे आधीच रांगेत उभे असतात. तिथे पडलेली खाच हळूहळू भरत आणावी, तोवर कराराचे अकरा महिने संपतात आणि नवा एजंट दारात उभा असतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात जुना: आज आठ म्हणाल, उद्या अठरा म्हणाल. त्यावर उपाय एकच, लिहून ठेवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. तसा करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. म्हणजे नोंदणीचा खर्च वाचवून ‘पाचपर्यंत द्या हो, आपण काय परके आहोत का’ म्हणणाऱ्या घरमालकासमोर भाडेकरू ‘आमचं अठ्ठावीसला ठरलं होतं’ असं गंभीर चेहऱ्यानं म्हणू शकतो. घरमालकांच्या गप्पांत हे कलम का कोण जाणे, फारसं निघत नाही.

राहिला नुकसानीचा मुद्दा. याच कायद्यात भाडं थकल्याचा दावा न्यायालयात गेला, तर थकबाकीवर वर्षाला 15 टक्के व्याज भरायची तरतूद आहे. लीव्ह अँड लायसन्सवाल्यांना ती जशीच्या तशी लागू होणार नाही, पण मोजपट्टी म्हणून ती घ्यायला हरकत नाही. वीस हजारांवर सात दिवसांचं व्याज होतं 57 रुपये 53 पैसे. अकरा महिन्यांचे मिळून 633 रुपये. सोसायटीच्या जिन्यात एकमेकांना टाळणं, वॉचमनकडून निरोप पाठवणं, ‘सर्व्हर डाउन’चे स्क्रीनशॉट जपणं, हे सगळं एवढ्या रकमेसाठी चालतं. तेव्हा घरमालकानं सरळ भाडं 20,058 करावं आणि तारीख आठ. भाडेकरू आठला, सकाळी चहाच्या आधी, बिनचूक पैसे पाठवेल. आणि वरचे अठ्ठावन्न कापून राउंड फिगर पाठवेल.