देवळालीचा ताप

बिअर फार गार आहे अशी तक्रार करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मे महिन्यातली पुण्याची दुपार, ग्लासाला बाहेरून दव सुटलेलं, आत सोनेरी रंग, वर दोन बोटं फेस, आणि आमचे शास्त्रीबुवा वेटरला म्हणाले, "भैया, ये बहुत ठंडा है. जरा बैठने दो." वेटरने ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"गारठ्याने जीभ बधिर होते," शास्त्रीबुवा मला म्हणाले. "चव झाकायची असेल तर बिअर बर्फासारखी गार करावी. त्या लोकांना झाकायचीच असते." ते लोक म्हणजे कोण, हे विचारायचं नसतं. पंधरा मिनिटं आम्ही दोघं त्या ग्लासाकडे बघत बसलो, पाहुणा आलाय आणि अजून पंगत बसायची आहे तसे.

शास्त्रीबुवा हे बारशाचं नाव नव्हे, ती आम्ही बहाल केलेली पदवी. वय पन्नाशीच्या आसपास, नोकरी बँकेत, जन्म सदाशिव पेठेतल्या वाड्यात, हल्ली मुक्काम कोथरूड. शनिवारी दुपारनंतर मात्र पत्ता बदलतो: बाणेर, बालेवाडी, मुंढवा, जिथे काचेपलीकडे पोलादी टाक्या दिसतील तिथे. असे शास्त्रीबुवा आता पुण्यात चिक्कार झालेत. माझ्या वाट्याला हा एक आला.

खरं तर चवीचा तज्ज्ञ पुण्याला नवा नाही. अमृततुल्यचा चहा हुंगून आज वेलची कुटली की नुसती ठेचली हे सांगणारे लोक आमच्या वाड्यात होते. डोळे मिटून देवगड की रत्नागिरी ते सांगणारे काका होते. सवाईत कुठल्या तानेला मान हलवायची आणि कुठल्या तानेला शेजाऱ्याकडे बघून नुसतं हसायचं, याचंही शास्त्र होतं. फक्त बिअर ही चवीने प्यायची गोष्ट आहे हे कुणाला सुचलं नव्हतं. आमच्या कॉलेजच्या काळात बिअरचे दोनच प्रकार होते: गार आणि संपलेली.

मग २००९ साली पुण्यात 'डूलाली' सुरू झाली. महाराष्ट्रातली ही पहिली मायक्रोब्रुअरी. पुढे 'इंडिपेंडन्स' आली, 'एफिंगट' आली, कोणी मध आंबवून मीड करायला लागलं, आणि आमच्या मित्राच्या मोकळ्या पडलेल्या विद्वत्तेला एकदाची जागा मिळाली. पहिल्या भेटीत तो बिअरवर नव्हे, नावावरच तासभर बोलला. इंग्रजांच्या काळात मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघत नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत पडून असायचे. काम नाही, ऊन रणरणतंय, जहाजाचा पत्ता नाही. काहींची डोकी फिरायची. देवळालीचं इंग्रजांच्या तोंडी झालं डूलाली, आणि वेड लागल्याला इंग्रजीत 'डूलाली टॅप' म्हणायला लागले. "आणि हा टॅप म्हणजे बिअरचा नळ नव्हे," शास्त्रीबुवांनी बोट वर केलं. "आपला ताप! देवळालीचा ताप!"

तो तेव्हापासून उतरलेला नाही. आम्हालाही आहे, पण आम्हाला तो दुसऱ्या अर्थाने आहे.

त्यांच्यासमोर चुकून 'आयपीए' मागवावी. इंडिया पेल एल. शेजारच्या टेबलावरचा कुणीतरी सांगत असतो की इंग्लंडहून इथे येताना बिअर नासायची, म्हणून कुणा हुशाराने हॉप्सची कडू फुलं जास्त घालून ही नवी बिअर शोधली. शास्त्रीबुवा तडक खुर्ची वळवतात. "शोध-बिध काही नाही. जास्त हॉप्सची बिअर तिकडे आधीपासूनच होती. लंडनचा हॉजसन ती इकडे पाठवायचा, केपला वळसा घालून, महिनोन् महिने. आणि साहेब ती प्यायचे. साधे सोल्जर काळी पोर्टर प्यायचे, तीही इथवर धडधाकट पोचायची. आता बोला!" अनोळखी माणूस काय बोलणार? तो बिचारा वाढदिवसाला आलेला असतो. मी एकदा म्हणालो, "म्हणजे इंडिया पेल एलमध्ये इंडिया तेवढंच, जेवढं चायनीज भेळेत चीन." शास्त्रीबुवा त्या दिवशी माझ्याशी फारसं बोलले नाहीत. आठवड्याने मात्र हेच वाक्य ते दुसऱ्या कुणाला तरी ऐकवत होते.

चाखण्याचा विधी बघण्यासारखा असतो. लाकडी फळीवर चार-पाच चिमुकले ग्लास येतात, फिकटाकडून गडदाकडे. हा क्रम कुणी मोडला तर शास्त्रीबुवांना पंगतीत वाढपाचा क्रम चुकल्यासारखं होतं. ग्लास उजेडाकडे धरायचा. गोल फिरवायचा. नाक आत घालायचं. मग घोट, तो गालांतून फिरवायचा, गिळल्यावर नाकाने श्वास सोडायचा, कारण निम्मी चव तिकडून येते. मग डोळे मिटायचे. यानंतर दोनशेपानी वहीत नोंद. श्रावणात ते पीत नाहीत, पण जातात. नुसतं हुंगून नोंद करतात आणि समासात 'श्रावण' असं लिहितात.

कायद्याच्या बाबतीत तर हा माणूस आदर्श नागरिक आहे. आपल्या राज्यात प्यायला परवाना लागतो, ही गोष्ट बहुतेकांना बिलाच्या खाली पाच रुपयांचा एक दिवसाचा परवाना दिसला तरच आठवते. शास्त्रीबुवांकडे तहहयात परवाना आहे, प्लास्टिकमध्ये घालून, आधार कार्डाच्या वरच्या कप्प्यात. प्रकृती राखण्यासाठी मद्य लागतं अशा अर्थाचा त्यातला मजकूर त्यांनी घरी एकदा मोठ्याने वाचून दाखवला. "प्रकृतीसाठी च्यवनप्राश आहे फडताळात," त्यांच्या आई म्हणाल्या.

वहिनींचा या शास्त्राशी संबंध एकदाच आला. बिअर काढल्यावर उरलेला सातूचा चोथा शास्त्रीबुवांनी ब्रुअरीतून पिशवीभर मागून आणला आणि याची थालीपिठं उत्तम होतील असं जाहीर केलं. "एरवी काय करतात याचं?" वहिनींनी विचारलं. "गुरांना घालतात." वहिनींनी थालीपिठं लावली, एकट्या नवऱ्याच्या पानात वाढली आणि स्वतःसाठी पिठलं टाकलं.

मात्र वहीत एक अडचण होती, आणि ती मला बरीच आधी दिसली. नोंदींत पाइनचा वास असायचा. शास्त्रीबुवांच्या आयुष्यात पाइन फक्त फरशी पुसायच्या बाटलीवर आलेलं. 'गवत, नुकतं कापलेलं' असंही लिहिलेलं. हा माणूस तिसऱ्या मजल्यावर राहतो. परदेशी पुस्तकातून शब्द उतरवायचे आणि मग ते ग्लासात शोधत बसायचं, असा उलटा कारभार चालला होता. मी काही बोललो नाही. मैत्रीत एवढं पथ्य पाळावं.

मग तो रविवार आला. बाटली भरून हेफेवाइत्सेन घरी आणलेली, म्हणजे गव्हाची जर्मन पद्धतीची गढूळ बिअर. मी होतो, वहिनी होत्या, आणि डायनिंग टेबलाच्या टोकाला अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आई मेथी निवडत बसल्या होत्या. शास्त्रीबुवांनी ओतली, फिरवली, डोळे मिटले. आईंनी मान वर केली, दोनदा नाक ओढलं आणि म्हणाल्या, "अरे, शिकरणीत लवंग कुणी घातली?"

शास्त्रीबुवांचे डोळे उघडले ते उघडेच राहिले. या बिअरची ओळखच मुळी पिकलं केळं आणि लवंग. त्यात ना केळं घालतात ना लवंग. ते विशिष्ट यीस्टच आंबताना तसे वास तयार करतं, आणि केळ्याचा जो वास असतो तो पिकल्या केळ्यातल्याच द्रव्याचा असतो. हे जाणायला शास्त्रीबुवांना सात वर्षं, दोन पुस्तकं आणि बंगळुरूची एक वारी लागली होती. आईंनी मेथीची जुडीसुद्धा खाली ठेवली नव्हती.

त्यानंतर घरात रीतसर परीक्षा सुरू झाल्या. आई थेंबभरही घेत नाहीत. वाटी नाकाशी धरतात आणि निकाल देतात. धान्याला मोड आणून ते वाळवून भाजलं की माल्ट होतं, असं शास्त्रीबुवा समजावायला लागले, तर म्हणाल्या, "नाचणीसत्त्व. तुला त्याच्यावरच वाढवलाय." काळी स्टाउट: "भाजताना लक्ष नव्हतं कुणाचं, पण तशीच बरी लागेल." कोकम घातलेली आंबट बिअर: "सोलकढीच करायची होती तर नारळ का नाही काढला?" एकदा एका बिअरला त्यांनी लोण्याचा वास सांगितला आणि वर म्हणाल्या, "घाई केलीय कुणीतरी. विरजणाला वेळ दिला नाही की असं होतं." शास्त्रीबुवांनी हे धीर करून ब्रूमास्टरच्या कानावर घातलं. तो चपापला. यीस्टला पुरेसे दिवस दिले तर तो लोण्याचा वास यीस्ट स्वतःच परत गिळून टाकतं. टाकी दोन दिवस आधी रिकामी केली होती. "सर, तुमचं नाक म्हणजे!" तो म्हणाला. सरांनी नाक खाजवलं. आईंचं नाव निघालं नाही.

वही आता पार बदलली आहे. पाइन गेलं, गवत गेलं. 'हळदीच्या पानातला पातोळा', 'जुन्या लोणच्याच्या बरणीचं झाकण', 'पहिल्या पावसानंतर वाड्याची मोरी' (ही तक्रार नव्हे, कौतुक आहे) अशा नोंदी दिसतात. आणि चाखणं रंगात आलं की शास्त्रीबुवा फोन घेऊन मधेच बाहेर का जातात, हेही मला कळलं आहे.

परवा मुंढव्याला गेलो होतो. तांबूस तपकिरी बिअर, जराशी गोडसर, तळाला काहीतरी खमंग. शास्त्रीबुवांनी चार वेळा नाक घातलं, वहीवर पेन टेकवलं, उचललं. उठले. काचेच्या दारापलीकडे मला ते दिसत होते. एका कानावर हात ठेवून मोठ्याने बोलत होते. "आई, तूप कढवतेस ना, खाली जे तपकिरी राहतं, साखर घालून आम्ही खायचो, त्याला काय गं म्हणायचं?"

परत आले ते उजळलेल्या चेहऱ्याने. बसले, एक शेवटचा घोट घेतला आणि सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बेरी!"

शेजारच्या टेबलावरच्या दाढीवाल्या मुलाने लगेच आपला ग्लास हुंगला. "हो सर, एकदम! ब्ल्यूबेरी ना?"

"रास्पबेरी रे," त्याची मैत्रीण म्हणाली.

शास्त्रीबुवांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात शेंगदाणे ठेवायला आलेला वेटर अदबीने वाकला. "नहीं सर, स्ट्रॉबेरी. महाबलेश्वर की."