जमेची बाजू

स्वस्ताईच्या दिवसांत मनुष्याच्या अंगी कृतज्ञता बाणत नाही, असे माझे आता पक्के मत झाले आहे. माझे आजोबा ज्या भावाने जोंधळा घेत तो भाव आज ऐकला तर पुराणातल्या कृतयुगाचे वर्णन ऐकतो आहोत असा भास व्हावा. परंतु ते स्वतः मात्र सोलापुरातल्या तुळजापूर वेशीकडून बाजार करून परतले म्हणजे पिशवी खाली टेकवण्यापूर्वीच ‘दिवस कठीण आले बुवा’ असा सुस्कारा सोडीत, आणि माझे वडील, ज्यांच्या उमेदीतले भाव आठवून आज मी हळहळतो, ते आजोबांच्या काळचे भाव आठवून हळहळत. या वंशपरंपरागत हळहळीचे मनन केल्यावर माझ्या असे ध्यानात आले की, स्वस्ताई ज्या काळी असते त्या काळी ती कोणालाच दिसत नाही. ती निघून गेल्यावर, निदान एक पिढी लोटल्यावर, तिचे दर्शन घडते. महागाई मात्र जुन्या सावकारासारखी सदैव दारात उभी असते आणि आपली ओळख कधी विसरत नाही.

हे चिंतन मी एकदा पुण्याहून आलेल्या भाच्यापुढे जरा विस्ताराने मांडले, तेव्हा त्याने घड्याळाकडे दोनतीनदा पाहिले आणि म्हणाला, “मामा, तुम्ही दिवसभर भावांवरच बोलता. रोज रात्री झोपण्यापूर्वी ज्यांच्याबद्दल धन्यता वाटते अशा गोष्टी वहीत लिहून काढत जा. बीपी खाली येतं.” सल्ला फुकट असल्यामुळे मी तो तत्काळ स्वीकारला, वही मात्र फुकट नव्हती. दुकानदाराने सांगितलेली शंभर पानी वहीची किंमत ऐकून, धन्यतेचा आरंभ एवढ्या मोठ्या खर्चाने करणे मला प्रशस्त वाटेना, आणि म्हणून आमच्या घरच्या जमाखर्चाच्या वहीतच या नव्या उपक्रमाची सोय लावावी असे मी ठरविले. सोयही उत्तम होती. उभी हयात लेखाविभागात कारकुनी करून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्याच्या वहीत उजवीकडची खर्चाची बाजू मुंगीलाही वाट मिळू नये इतकी गजबजलेली असते, आणि डावीकडची जमेची बाजू, पहिल्या तारखेची निवृत्तिवेतनाची एक ओळ सोडली, तर महिनाभर ओस पडलेली असते. ताळेबंदातील कोरी जागा पाहिली की माझा जीव कासावीस होतो. परमेश्वराच्या कृपेचा जमाखर्च आजवर कोणी ठेवला नव्हता; तो आमच्या घरी ठेवला जाऊ लागला.

जमेकडील पहिली नोंद अर्थातच महागाई भत्त्याची झाली. ज्याच्या नावातच महागाईचा गौरव केलेला आहे असा हा एकमेव लाभ सरकार आम्हांस देते, आणि जानेवारी व जुलै अशा वर्षातील दोन मुहूर्तांवर तो वाढण्याची आशा असते. पेन्शनरांच्या कट्ट्यावर या दोन महिन्यांच्या आगेमागे जे गांभीर्य पसरते ते पाहण्यासारखे असते: प्रत्येकजण तूरडाळ कडाडली म्हणून मोठ्याने दुःख करीत असतो आणि मनातल्या मनात ती आणखी दोन टक्के कडाडावी म्हणून ग्रामदैवत सिद्धरामेश्वराला साकडे घालीत असतो. या भत्त्याचे गणित ज्या निर्देशांकावर बेतलेले असते तो सिमल्याला कचेरी असलेला लेबर ब्युरो काढतो. आणि ज्या शहरांतल्या बाजारभावांवरून तो काढला जातो त्यांत आमच्या सोलापूरचेही नाव आहे, हे पुष्कळ सोलापूरकरांना ठाऊक नसते. वस्तुतः हा मान जुना आहे. गिरण्यांचे भोंगे ज्या काळी या गावाला उठवीत आणि झोपवीत, त्या 1920च्या दशकातच मुंबई इलाख्याच्या मजूर कचेरीने इथल्या गिरणीकामगारांच्या घरखर्चाची सरकारी चौकशी केली होती. जोंधळ्याला किती, सरपणाला किती, सावकाराच्या व्याजाला किती, याचे तक्ते तेव्हा मांडले गेले. गिरण्या पुढे एकामागून एक बंद पडल्या, 1877 साली निघालेली ‘जुनी मिल’सुद्धा इतिहासजमा झाली, धुराडी पडली, भाव विचारण्याचा शिरस्ता मात्र अबाधित राहिला.

मंडईत जाऊन भाव विचारणारा आणि काहीही न घेता भाव टिपून घेऊन जाणारा असा सरकारी मनुष्य असतो, हे मी आमच्या घरी सांगितले, तेव्हा सौभाग्यवतींनी, “म्हणजे मी करते तेच. मला कोणी पगार देत नाही एवढंच,” असा शेरा मारला, आणि तो वस्तुस्थितीला धरून होता. लक्ष्मी मंडईत त्यांच्याबरोबर जाण्याचा प्रसंग ज्याने अनुभवला आहे त्यालाच अर्थशास्त्र कळले असे मी म्हणेन. पहिल्या गाळ्यातल्या मेथीपासून शेवटच्या टोपलीतल्या लिंबापर्यंत प्रत्येक जिनसाची त्या पृच्छा करतात, प्रत्येक उत्तरावर, जणू विक्रेत्याने काही अश्लाघ्य उच्चारले असावे अशा मुद्रेने, क्षणभर डोळे मिटतात, आणि पुढे सरकतात. मी पिशवी धरून मागे उभा. एकदा एका टोपलीमागच्या अक्का वैतागून मलाच म्हणाल्या, “काका, घ्यायलाव का नुसतंच बघायलाव?” मी अत्यंत नम्रपणे सांगितले की माझ्याकडे केवळ पिशवीचे खाते आहे. त्यावर त्या हसल्या आणि त्यांनी मूठभर कोथिंबीर पिशवीत फेकली, मोफत. ती त्या रात्री जमेस लिहिली गेली.

परंतु या वहीतील सर्वांत मोठी रक्कम जोंधळ्याच्या नावावर जमा आहे. सोलापूर जिल्हा हे ज्वारीचे कोठार, मंगळवेढ्याची काळी जमीन म्हणजे शाळूची पंढरी. तिथल्या मालदांडी ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी आमच्या लहानपणी भाकरीला घरात दुय्यम स्थान होते. पाहुणा आला की त्याच्या ताटात गव्हाची पोळी पडे, आणि आम्ही मुले स्वयंपाकघरात भाकरी खाताना तिचा आवाज बाहेर जाऊ नये अशी सूचना असे. 1972च्या दुष्काळात तर मालदांडीही दिसेनाशी झाली आणि रेशनच्या दुकानातून अमेरिकेहून आलेला मिलो नावाचा तांबडा जोंधळा घरात आला. त्याची भाकरी परातीतच चिरा पाडी. आई उकळते पाणी घालघालून तिला समजावी, आणि तव्यावर टाकेपर्यंत तिचे दोन तालुके झालेले असत. तो मिलो खाल्लेला मनुष्य पुढे जन्मात कोणत्याही अन्नाला नाव ठेवीत नाही असे म्हणतात. आमचे वडील ठेवीत. पण ते अपवाद होते. त्याच साली मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर उतरविले. सोलापुरात तसा मोर्चा काढणे जड गेले असते, कारण भाकरीला लाटणे लागत नाही. इथल्या बायकांना रिकामे हातच दाखवीत जावे लागले असते.

आता काळ फिरला आहे. उजनीचे पाणी कालव्यांतून खेळू लागले, शेतकऱ्याने उसाचा मार्ग धरला, ज्वारीच्या काढणीला माणूस मिळेनासा झाला, पेरा आटला. तिकडे वैद्यांनी मधुमेह्यांना भाकरी सांगितली आणि संयुक्त राष्ट्रसंघाने 2023 हे साल पौष्टिक तृणधान्यांचे म्हणून जाहीर केले. परिणामी ज्वारीने भावात गव्हाला मागे टाकले, आणि आमच्या घरी पाहुणा आला तर त्याला पोळी वाढून आम्ही आत भाकरी खाण्याचा जुना शिरस्ता पुन्हा सुरू झाला आहे; फरक इतकाच की पूर्वी तो लाजेपोटी होता आणि आता काटकसरीपोटी आहे. ज्या अन्नाला आपण गरिबाचे म्हणून लपविले ते श्रीमंतांच्या पंक्तीला जाऊन बसलेले याचि देही पाहायला मिळावे, याबद्दल मी महागाईचा मनःपूर्वक ऋणी आहे. कडक भाकरीबद्दल तर विशेषच. शहाणीसुरती माणसे शेअरबाजारात पैसे गुंतवितात. आमच्या सौभाग्यवती कडक भाकरीत गुंतवितात. आज चालू भावाने चळत विकत घ्यावी, डब्यात ठेवावी, आणि महिन्याने, बाहेर भाव चढलेला असताना, आमटीत चुरून तिचा लाभांश खावा. बरोबर शेंगाचटणी. दाणे मंद आचेवर भाजून, लसूण, तिखट, जिरे, मीठ घालून ते उखळात कुटीत राहिले म्हणजे काही वेळाने चटणी आपल्याच अंगचे तेल सोडते आणि बत्त्याला चिकटून राहू लागते. वरून तेल घ्यावे लागत नाही. खाद्यतेलाच्या आजच्या किमतीत एवढा स्वावलंबी पदार्थ दुसरा नसेल.

जमेकडील नळाच्या पाण्याविषयी मी संक्षेपाने लिहितो. ते आमच्याकडे रोज येत नाही. ज्या पहाटे येते त्या पहाटे सबंध गल्ली ज्या उत्कटतेने जागी होते ती उत्कटता रोज पाणी येणाऱ्या गावांना दिवाळीतसुद्धा लाभत नसेल.

कांद्याची नोंद मात्र मला अद्याप नीट लावता आलेली नाही. डिसेंबर 2019 मध्ये सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याने क्विंटलला 20,000 रुपयांपर्यंत मजल मारली, म्हणजे ठोकातच किलोला 200. त्या दिवसांत आमच्या घरी कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येण्यापूर्वी हिशेब येई, आणि मी जमेकडे ‘आज भज्यांची इच्छा झाली नाही’ अशी सात्त्विक नोंद केली असती, जर तेव्हा हा उपक्रम चालू असता. पुढे फेब्रुवारी 2023 मध्ये कांदा कोसळला. मंडईत ढीगच्या ढीग. सौभाग्यवतींनी आयुष्यात प्रथमच घासाघीस न करता पिशवी भरली आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. त्याच महिन्यात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दहा गोण्या कांदा याच बाजारात आणला होता. वजन 512 किलो भरले, भाव किलोला 1 रुपया लागला, वाहतूक, हमाली, तोलाई पट्टीतून वजा झाली, आणि खाली उरले 2 रुपये 49 पैसे. त्यांचा 2 रुपयांचा चेक मिळाला. तोही पुढच्या तारखेचा.

मी हिशेबाचा मनुष्य आहे. माझ्या पिशवीतली ती स्वस्ताई जमेस धरावी तर तिचा नावे पडलेला खातेदार कोण, हे मला वर्तमानपत्रात छापून आले होते, त्याच्या गावासकट. दोन्ही बाजू जुळतात, ताळेबंद बिनचूक निघतो, आणि तरीही पान उलटवेना. किलोला 200 झाला तेव्हा मी ज्याला शिव्या घातल्या तो भाव त्या शेतकऱ्याला एकदा तरी मिळाला होता की तोही वाटेतच कुणी पचविला, याचा तपास माझ्या वहीत होण्यासारखा नाही. शेवटी मी त्या ठिकाणी ‘अनामत’ असे लिहून रेघ मारली. कचेरीतही ज्या रकमेचा निकाल लागत नसे ती आम्ही याच खात्यात ठेवीत असू, आणि माझ्या निवृत्तीपर्यंत तिथली एकही रक्कम हललेली मी पाहिली नाही.

या पेचातूनच मला दामाजीपंतांची आठवण झाली. पंधराव्या शतकात बिदरच्या बादशहाच्या वतीने मंगळवेढ्याचा कारभार पाहणाऱ्या या अंमलदाराने घोर दुष्काळात सरकारी कोठारे रयतेला मोकळी करून दिली, आणि बादशहाचे बोलावणे आले तेव्हा प्रत्यक्ष विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन, बिदरच्या खजिन्यात धान्याची रक्कम भरून, रीतसर रसीद घेतली, ही कथा आमच्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही तोंडपाठ आहे. भक्तांचे डोळे या कथेत विठ्ठलापाशी पाणावतात, माझे रसीदेपाशी. खुद्द परमेश्वर असूनही त्याने तोंडी व्यवहार केला नाही, याबद्दल अखिल लेखाविभागाने त्याचे उपकार मानले पाहिजेत. तथापि एक शंका मला कैक वर्षे छळीत आली आहे, आणि ती कोणत्याही कीर्तनकाराने आजवर निवारलेली नाही. विठ्ठलाने ती रक्कम कोणत्या भावाने भरली? कोठारात धान्य भरले तेव्हाच्या भावाने, की वाटले तेव्हाच्या, म्हणजे भर दुष्काळातल्या? पहिला भाव धरावा तर बादशहाचे नुकसान, दुसरा धरावा तर देवाचे. आणि दोन्हींतला फरक एवढा प्रचंड असणार की तो लेखापरीक्षणात निघाल्यावाचून राहायचा नाही.

ही शंका मी परवा रात्री, वही पुढ्यात घेऊन, सौभाग्यवतींपुढे सविस्तर मांडली. त्या उखळापाशी चटणी कुटीत बसल्या होत्या. बत्ता न थांबविता त्या म्हणाल्या, “एवढी मोठी रक्कम भरायला देव एकटा गेला, तिथंच सगळं चुकलं. रखुमाईला बरोबर नेलं असतं, तर तिनं आधी चार खजिन्यांत भाव विचारून पाहिला असता.”