नोंदीतले तास : ०.४

बिद्रीत गेमचा समीक्षक एकच आहे आणि तो मी. बिद्रीला हे अजून कळलेलं नाही, तो भाग वेगळा. गाव मला ओळखतं ते सातबारा काढून देणारा, दाखल्यांचे फॉर्म भरणारा, अंगठा उठला नाही तर ‘बोट पुसून परत ठेवा’ म्हणणारा माणूस म्हणून. पण रात्री शटर अर्धं खाली ओढलं की त्याच खुर्चीत, त्याच कॉम्प्युटरवर मी सिएटल, टोरांटो, ॲडलेड इथल्या होतकरू गेमकारांना चार शब्द सुनावतो. मोठ्या कंपन्यांचे बंदूकवाले खेळ मी बघत नाही. माझ्या मशीनला ते झेपत नाहीत, हे कारण मी कुणाला सांगत नाही. ‘मला इंडीच आवडतं’ एवढंच सांगतो. एकट्यादुकट्यानं, पदरमोड करून, रात्री जागून केलेला खेळ. त्यात जीव असतो आणि ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

माझं समीक्षात्मक लेखन स्टीमवर मराठीत प्रसिद्ध आहे. तिथं एक अडचण अशी की प्रत्येक रिव्ह्यूच्या डोक्यावर लिहिणारा तो खेळ किती तास खेळला हे छापून येतं. मराठी साहित्यसमीक्षेत अशी सोय असती तर काय काय झालं असतं, ह्या विचारानं मला कधीकधी फार आनंद होतो. स्वतःपुरता मात्र तो टिकत नाही. ‘होलो नाइट’वरच्या माझ्या प्रदीर्घ लेखावर ‘०.४ तास’ असं लिहिलेलं आहे. ॲडलेडच्या टीम चेरी नावाच्या चिमुकल्या चमूचा हा २०१७चा खेळ. त्याचा पुढचा भाग ‘सिल्कसाँग’ यायला सप्टेंबर २०२५ उजाडला, आणि तोवर जगभरचे लोक देव पाण्यात घालून बसले होते. मी पहिल्या बॉसच्या अलीकडं जे काही दिसलं त्याच्या जोरावर ‘मृत्यू, अंधार आणि किडे’ असं शीर्षक देऊन लिहिलं. रिव्ह्यूखाली वाचकांच्या मतासाठी तीन बटणं असतात : उपयोगी, निरुपयोगी आणि विनोदी. माझ्या गंभीर लेखनाच्या मागं तिसरं बटण खंबीरपणे उभं आहे.

खरं म्हणजे माझं क्षेत्र डेमोचं. डेमो फुकट असतो. स्टीमचा ‘नेक्स्ट फेस्ट’ वर्षातून तीनदा भरतो, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये, आणि त्या आठवड्यात डेमोंचा नुसता पूर येतो. जूनची तारीख ठरवणाऱ्याला ॲडमिशनच्या दाखल्यांची गर्दी माहीत नसावी. नॉन-क्रिमिलेअरची फाईल अपलोड होईपर्यंतच्या फटीत मी कुणाचा तरी एक डेमो संपवतो. बेडूक डिटेक्टिव्ह असतो, भुताला चहा पाजायचा असतो, कुणाला जपानमध्ये स्टेशनमास्तर व्हायचं असतं. बहुतेकांची चूल पहिल्या वाफेतच विझते. पण एखादा ‘बलाट्रो’ निघतो. लोकलथंक ह्या टोपणनावानं वावरणाऱ्या एकाच माणसाचा पत्त्यांचा खेळ. २०२४च्या फेब्रुवारीत तो आला आणि लाखोंची झोप उडाली. पत्ते पोकरचे, पण एक पैसा लावायचा नाही. हे मी घरात पुनःपुन्हा सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, त्या दिवशी मंडळींनी बातमीचा आवाज मोठा केला आणि माझ्याकडं नुसतं बघितलं.

‘पॉवरवॉश सिम्युलेटर’ त्यांनाही आवडेल असं वाटलं होतं. प्रेशरच्या पाण्यानं मळलेल्या गाड्या, मळलेली घरं धुवायची, दुसरं काहीही नाही. कोपऱ्यातला शेवटचा ठिपका गेला की टिंग असा आवाज येतो आणि डोकं हलकं होतं. मी एक गाडी चकाचक केली आणि मोठ्या समाधानानं मान वर केली. दारात आमची मोटारसायकल उभी होती. तिचा रंग कोणता, ह्यावर घरात दोन मतं आहेत.

‘गेटिंग ओव्हर इट’बद्दल मी बोलत नाही. बेनेट फॉडीनं २०१७ साली एका उघड्याबंब माणसाला गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवावं तसा हंड्यात बसवला, हातात हातोडा दिला आणि म्हणाला, चढ डोंगर. घसरलात की थेट पायथ्याला, आणि वर फॉडीसाहेब शांत आवाजात अपयशावर प्रवचन देतात. हातोडा आपल्याकडं असून ते बोलतात, ह्याचा राग जास्त.

‘राजी’ मात्र मी पुरी खेळलो. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा हा २०२०चा खेळ. राखीपौर्णिमेच्या जत्रेतून असुर पोरं पळवतात आणि राजी धाकट्या गोलूला शोधत निघते. दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याबद्दल आपापसात बोलत राहतात. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर त्यांना हवे तेवढे पैसे जमले नव्हते, तरी खेळ झाला. वाड्याच्या भिंतीवरची चित्रं बघत मी शत्रूंना कितीतरी वेळ ताटकळत ठेवलं. शेवट घाईघाईनं गुंडाळलाय, हे मी स्पष्ट लिहिलं. बाकी सगळं चांगलं आहे, असंही लिहिलं. पुण्यानं केलेली गोष्ट चांगली आहे हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसानं स्वखुशीनं लिहून दिल्याचा तो दुर्मिळ कागद आहे. जपून ठेवावा.

आता ‘पेपर्स, प्लीज’. इथं मला कुणी हात लावायचा नाही. लुकास पोपनं एकट्यानं केलेला, २०१३चा. आर्स्टोट्झ्का नावाच्या कडक देशाच्या सीमेवर एक खिडकी, आणि खिडकीत तुम्ही. पासपोर्ट, परवाना, फोटो, जन्मतारीख जुळवायची आणि शिक्का मारायचा. रोज सकाळी नवा नियम. पहिल्या दोन चुका माफ, पुढं पगारात कपात. संध्याकाळी उरलेल्या पैशात भाडं, जेवण, शेगडी आणि पोराचं औषध. ह्या खेळानं माणूस दडपून जातो असं इंग्रजी समीक्षक लिहितात. मी तर पहिल्या दिवसापासून सुसाट. आधारवर पांडुरंग, सातबाऱ्यावर पांडू आणि पासबुकावर नुसता पी, अशी माणसं मी गेली कित्येक वर्षं जुळवतोय. पुतण्या मागं उभा राहून बघत होता. ‘काका, तू लईच फास्ट हायस,’ म्हणाला. आयुष्यात माझं कौतुक झालेले प्रसंग मोजके आहेत. हा त्यांतला.

मग एक नवरा आला. कागदं चोख. जाताना म्हणाला, मागं बायको आहे, तिला सांभाळून घ्या. ती आली. तिच्याकडं प्रवेशाचा परवानाच नव्हता. मी तिला आत सोडलं आणि चूक झाल्याची चिठ्ठी प्रिंटरमधून कर्रर्र करत बाहेर आली. पैसे गेले नाहीत, नुसती ताकीद. चहा पिताना मी दिलदार माणसासारखा बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक मावशी आल्या. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी. त्या पिढीतलं अर्धं गाव १ जानेवारीलाच जन्माला आलंय. दुसऱ्या कागदावर वेगळं साल. फॉर्म पुढं सरकेना. ‘सिस्टिम घेत नाही मावशी,’ मी म्हणालो. हे वाक्य मी दिवसातून इतक्यांदा म्हणतो की त्याचा अर्थ मला ऐकू येत नाही. त्या दिवशी आला. माझ्या खिडकीत तो हिरवा शिक्काच नाही. ताकीद घेऊन, पगार कापून घेऊन माणूस आत सोडायची सोय आर्स्टोट्झ्कासारख्या हुकूमशाहीत आहे. मावशींनी कागदं परत पिशवीत घातली, पिशवी पदराखाली घेतली आणि ‘बरं, सोमवारी येऊ?’ म्हणून मलाच विचारलं. ह्यावर मी रिव्ह्यू लिहिलेला नाही.

असो. ‘स्टारड्यू व्हॅली’ राहिलीच. तिच्याविषयी थोडक्यात सांगतो, असं म्हणून मी आजवर अनेकांचे तास खाल्ले आहेत.

एरिक बॅरोन नावाच्या तरुणानं साडेचार वर्षं खपून, मधे सिएटलच्या एका थिएटरात लोकांना खुर्च्या दाखवायची नोकरी करून, चित्रं, गाणी, गोष्ट सगळं एकट्यानं केलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये खेळ आला आणि पुढं ४ कोटींच्या वर प्रती खपल्या. शहराला कंटाळलेला माणूस आजोबांच्या शेतावर येतो. कसा येतो? आजोबा एक पाकीट देऊन जातात. झालं. वारस नोंद नाही, फेरफार नाही, हक्कसोडपत्रावर सह्या करायला मुंबईहून येणाऱ्या आत्या नाहीत. एवढं रान आणि हिश्श्याला भाऊबंद एकही नाही! ह्या खेळात घोडे आहेत, जादूगार आहे, पण मला अद्भुत वाटलं ते हे पाकीट.

माझ्या मागं आबा, म्हणजे वडील, कधी येऊन बसले कळलं नाही. मी पार्सनिप लावत होतो. चार दिवसांत काढणीला येतं. पीक काढून दारातल्या पेटीत टाकायचं, झोपायचं, सकाळी पैसे जमा.

‘सकाळी?’ आबा म्हणाले.

‘सकाळी.’

‘कुणाच्या सह्या-बिह्या?’

‘नाहीत.’

आबा पुढं सरकले. मी उत्साहात येऊन पवनचक्कीसारखी गिरणी दाखवली. तिच्यात बीट टाकलं की दुसऱ्या दिवशी साखर. एका बिटाची तीन साखर. रिकव्हरीची भानगड नाही.

‘बिटाची? मग ऊस कुठाय?’

‘ह्यात ऊस नाही आबा.’

आबांनी माझ्याकडं बघितलं ते बघणं मला अजून आठवतं. ‘आन् म्हणं शेतीचा गेम,’ म्हणाले.

मी बॅरोनची बाजू मांडली. अमेरिकेत पिकणाऱ्या साखरेतली निम्म्याहून जास्त बिटाचीच असते. शिवाय तिथलं वर्ष ११२ दिवसांचं, एकेक ऋतू २८ दिवसांचा, आणि ऋतू पालटला की रानातलं पीक वाळून जातं. आडसाली उसाला सोळा ते अठरा महिने लागतात. लागण केलीच तर डोळे फुटून भरणीला येईपर्यंतच त्यांचं एक वर्ष सरेल. तिसऱ्या वर्षी आजोबांचं भूत येऊन तुमची शेती तपासतं. त्याला दाखवायला आपल्याकडं ऊस फक्त असेल, बिल नसेल. आबांना हे पटलं. मग मी त्यांना स्टीमचा नियम सांगितला : विकत घेतलेला गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर चौदा दिवसांत पैसे परत. आणि १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियमही आठवण म्हणून सांगितला : ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे. आबांनी पहिल्यावर लगेच विश्वास ठेवला.

रात्री दोन वाजले की खेळातल्या पेलिकन टाउनचा शेतकरी असेल तिथं कोसळतो. कुणीतरी त्याला उचलून घरी आणून टाकतं आणि खिशातले थोडे पैसे जातात. ‘दोनला?’ आबा हसले. शेतीपंपाची लाईट रात्रपाळीला असली की आबा त्या वेळेला बॅटरी घेऊन बांधावर असतात. पाय पाटात, डोळे सापावर.

काढणीला तिथं एक क्लिक पुरतं. दिवाळी झाली की आमच्याकडं बीडच्या बाजूनं टोळ्या येतात, रानाकडेला कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. दोन माणसं, हिशेबाला एक अवजार. पहाटेच्या गारठ्यात डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरनं ट्रॉलीत चढणारी बाई मी लहानपणापासून बघतोय. गेममध्ये उड्या मारायला शिकवणारे उस्ताद भरपूर झाले. ‘सेलेस्ट’मधली मॅडलिन डोंगरावरनं पडली की पापणी लवायच्या आत त्याच दगडावर परत उभी राहते. ती फळी मात्र अजून कुणी केलेली नाही, आणि करणाऱ्यानं ते परत उभं राहणं कुठं ठेवायचं हे मला सांगता येणार नाही.

तर बॅरोनला जमलं नाही ते आपण करावं, असं मी ठरवलं. समीक्षकाला हा मोह कधीतरी होतोच. गोडो नावाचं इंजिन फुकट मिळतं. पुतण्यानं यूट्यूब लावून दिलं. आराखडा तयार होता : लागण, भरणी, तोड, काटा. मधे कारखान्याच्या चिटबॉयला फोन लावायचा, तो उचलत नाही. टोळी शेजारच्या फडात आलेली दिसते आणि आपल्या फडाकडं वळत नाही. वाढं कुणी न्यायचं ह्यावरून दोन म्हशींच्या मालकांत भांडण, त्यात आपण कुणाची बाजू घेतो त्यावर पुढच्या सालचं पाणी अवलंबून. खोडवा ठेवायचा की नांगर घालायचा, हा मोठा निर्णय.

‘काका, पहिली लेव्हल सोळा महिन्यांची?’

‘हो.’

‘खेळणार कोण?’

‘तुझा आज्जा खेळतोय की.’

डेमोमध्ये सध्या एकच दृश्य आहे. काटा, त्याच्यापुढं ट्रॅक्टरांची रांग, शेवटी दोन ट्रॉल्या जोडलेला आपला ट्रॅक्टर. बाणाचं बटण दाबलं की तो पुढं सरकायला पाहिजे. तो सरकत नाही. चाकं फिरतात, धूर निघतो, गाणंही वाजतं, पण ट्रॅक्टर जागचा हलत नाही. चूक कुठल्या ओळीत आहे हे मी आणि पुतण्या दोघं शोधत होतो, तेवढ्यात आबा आले. आम्ही काही सांगायच्या आत त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसून लावला आणि बघत बसले. बराच वेळ काहीच घडलं नाही. आबांना त्यात वावगं वाटलं नाही.

‘फुडं किती गाड्या हायत?’

‘बावीस.’

‘मग पाटं लागतीया की.’ त्यांनी तंबाखूची पिशवी काढली. ‘ह्यो बराबर केलायस बघ. त्या बिटवाल्यापरीस ह्यो बरा.’

माझ्या खेळाला मिळालेला हा पहिला रिव्ह्यू, आणि नोंदीतले तास माझ्या सगळ्या रिव्ह्यूंपेक्षा जास्त. तरी चूक ती चूक, म्हणून मी दुरुस्त करायला माउसकडं हात नेला. आबांनी मनगट धरलं.

‘हात लावू नगंस लेका. नंबर जाईल.’